सोपानरावांच्या ओळी

सोपानराव खाड्यांच्या हातात कुठलाही कागद दिला की ते तो वाचत नाहीत, मोजतात. लग्नपत्रिका असो, विजेचं बिल असो, नाहीतर ग्रामपंचायतीची नोटीस असो. आधी उजव्या हाताची तर्जनी समासावरून खाली घसरत जाते, ओठ हलतात आणि मग निकाल येतो. "सतरा ओळी. दोन रिकाम्या." एवढं झालं की कागदाची घडी घालून परत. लग्न कुणाचं, कधी, कुठं, हे त्यांना आपण तोंडी सांगायचं.

एकदा पोट दुखतं म्हणून मी त्यांना अंबाजोगाईला एका डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासलं, चिठ्ठी लिहिली. सोपानरावांनी तर्जनी फिरवली आणि चेहरा पाडला. "तीनच ओळी? आमच्या हापिसातल्या बबनला नुसती सर्दी झाल्ती तर त्याला सहा लिवून दिल्या." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. शेवटी डॉक्टरांनी चिठ्ठी परत घेतली आणि चौथी ओळ लिहिली, 'भरपूर पाणी प्यावे.' त्या वर्षी आमच्याकडे टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. त्यामुळे चार ओळींतली तीन औषधं दुकानात मिळाली, चौथं काही मिळालं नाही.

या मोजण्यात त्यांचं शास्त्रही होतं, हे मला कबूल केलं पाहिजे. माझी बायको माहेरी गेलेली असताना तिचं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. मी पाकीट फोडतोय तोवर यांनी माझ्या खांद्यावरून मोजून टाकलं. "अनंतराव, वहिनी रागात हायत. मागल्या पत्रात तेवीस होत्या, ह्यात सहाच." मी पत्र वाचलं. वहिनी खरोखरच रागात होत्या. त्या दिवसापासून घरचं पत्र मी बाथरूममध्ये जाऊन उघडू लागलो.

आम्ही दोघं एका सहकारी साखर कारखान्यात नोकरीला होतो. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण त्याच्या संचालकांपैकी बरेचजण अजून हिंडतेफिरते आहेत. संगणक विभागात आम्ही तिघं. मी, सोपानराव आणि बबन. तिघांत तीन संगणक आणि एक थंड हवेचं यंत्र. हे यंत्र संगणकांसाठी आणलेलं होतं; पण एप्रिल लागला की संचालक मंडळाची निम्मी चर्चा आमच्याच खोलीत होत असे. उसाची नोंद, वजनकाटा, हजेरी, गोदाम, सगळ्याचे प्रोग्राम आम्ही लिहायचो. प्रोग्राम म्हणजे यंत्राला एकाखाली एक लिहून दिलेल्या सूचना. एक सूचना, एक ओळ. म्हणजे देवानं सोपानरावांना बरोबर जागेवर आणून बसवलं होतं.

त्यांचं आवडतं वाक्य एकच. "धरायची का सोडायची?" सुरुवात ओळींपासून झाली असणार, पण पुढे ते कशालाही लागू पडू लागलं. कँटीनवाल्यानं विचारलं, चहा किती झाले, तर हे म्हणणार, "तीन झाले. पण तिसऱ्यात माशी पडल्ती. ती धरायची का सोडायची?" कँटीनवाल्याला वाटायचं माशीबद्दल विचारतायत.

त्या वर्षी पाऊस लवकर संपला, म्हणजे तसा तो सुरूच झाला नव्हता. ऊस कमरेएवढा होऊन थांबला, आणि थांबला तसा कापून जनावरांना गेला. गाळप जेमतेम सुरू होऊन बंद पडलं. उसाच्या बैलगाड्या उभ्या राहायच्या त्या मैदानात कारखान्यानं चारा छावणी उघडली. आमच्या खिडकीतून जिथं एरवी गाड्यांची रांग दिसायची, तिथं आता गाई-म्हशी दिसू लागल्या. आम्हाला काम असं काही उरलं नाही. बबन खुर्चीत झोपायचा, मी शब्दकोडी सोडवायचो आणि सोपानराव शब्दकोड्यातल्या रिकाम्या चौकटी मोजायचे.

अशात आमचे नवे एम.डी. साहेब पुण्याकडे दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन परत आले. साहेब पुण्याकडचेच, पांढऱ्या शुभ्र शर्टाचे. प्रशिक्षणात त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की जगभर संगणकवाल्यांचं काम ओळींवर मोजतात. त्यांनी आम्हा तिघांना बोलावलं आणि सांगितलं, "कुणी आजवर किती ओळी लिहिल्या याचा तक्ता मला आठ दिवसांत पाहिजे. इथं तीन माणसांचं काम नाही. ज्याच्या ओळी सगळ्यात कमी, त्यानं पाऊस पडेपर्यंत छावणीवर जायचं. तिथं जनावरं मोजायला माणूस नाही."

मग त्यांनी सोपानरावांकडे पाहिलं. "खाडे, तुम्हाला मोजायचा नाद आहे म्हणे. तुम्हीच लिहा ओळी मोजायचा प्रोग्राम."

दुसऱ्या कुणी 'बरं साहेब' म्हणून काढता पाय घेतला असता. सोपानरावांनी खुर्ची ओढली.

"साहेब, ओळ म्हंजी काय धरायचं?"

"ओळ म्हणजे ओळ."

"रिकामी धरायची का सोडायची?"

"रिकामी कशाला धरता? सोडा."

"बरं. काही ओळी नुसत्या बोलण्याच्या आसत्यात. यंत्राला त्यात काम न्हाई, फुडं वाचणाऱ्याला कळावं म्हणून टीप लिवलेली. ती धरायची का सोडायची?"

साहेबांनी विचार केला. "उपयोगी असली तर धरा."

"उपयोगी हाय का न्हाई, ते कुणी ठरवायचं?"

साहेबांनी घंटी वाजवून पाणी मागवलं. सोपानराव म्हणाले, "आन् एकाच फायलीत दोघांनी लिवलं आसंल तर?"

"पहिल्या ओळीत लेखकाचं नाव असतं ना? ज्याचं नाव, त्याच्या ओळी. खाडे, बाकीचं तुम्ही ठरवा. मला आकडा द्या."

"हे लेखी मिळंल का?"

बाहेर आल्यावर बबन म्हणाला, "कशाला डोकं खातो बे त्याचं? तो छावणीच्या आधी तुलाच दावणीला बांधंल." सोपानराव त्याला म्हणाले, "मोजायचं तर बराबर मोजायचं. न्हाई तर मोजूच न्हाई."

पुढचे आठ दिवस आमच्या विभागानं जेवढं काम केलं तेवढं गाळपाच्या ऐन हंगामातही केलं नसेल. बबननं आपल्या प्रत्येक प्रोग्रामात टीप म्हणून कारखान्याचा इतिहास घातला, भूमिपूजनापासून. मी एका ओळीत होणारं काम आठ ओळींत करायला लागलो. इतकी वर्षं सहकारात काढून तेवढं तरी शिकलोच होतो. आणि समोरच्या टेबलावर सोपानराव शांतपणे आमच्या या सगळ्या उद्योगावर पाणी फिरवणारा प्रोग्राम लिहीत होते. मधूनच मान वर करायचे. "अनंतराव, ह्या फायलीत तुमी बेरजेत शून्य मिळवलंय. चाळीस वेळा."

"खबरदारी म्हणून," मी म्हणालो.

"सोडली," ते म्हणाले आणि परत खाली बघून लिहायला लागले.

पहिली चाचणी त्यांनी फक्त माझ्या आणि बबनच्या फायलींवर घेतली आणि पहिला क्रमांक आमच्या जुन्या चेअरमनांचा आला. ते वारून तीन वर्षं झाली होती. बबननं त्यांच्या काळातला वार्षिक अहवाल चुकून प्रोग्रामांच्या जागेत ठेवला होता आणि त्याच्या पहिल्याच ओळीत त्यांचं नाव होतं. दुसरा बबन. "आयला, गेलेला माणूस बी माझ्या फुडं," तो म्हणाला. सोपानरावांनी अहवाल बाजूला काढला आणि दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर खरी मोजणी झाली.

छपाईयंत्रातून कागद निघाला. साहेबांनी तो वाचला आणि टेबलावर ठेवला.

"ही गयाबाई किसन कोण?"

मी कागद ओढून घेतला. पहिलं नाव गयाबाई किसन. आम्हा दोघांच्या मिळून होतील त्याच्या दुप्पट ओळी. दुसरा बबन, त्याच्याखाली मी. सोपान खाडे हे नाव यादीत नव्हतंच.

"खाडे, तुमची एकही ओळ नाही?"

"न्हाई साहेब."

"आठ वर्षांत?"

"यादी तर तसंच म्हणती."

सहकारी कारखान्यात एखाद्या यादीत अनोळखी बाईचं नाव निघालं, तर त्याचा एकच अर्थ होतो. साहेब पांढरेफटक पडले. "बोगस नाव," ते म्हणाले, "आणि तेसुद्धा पहिल्या नंबरावर." लगेच टाइम ऑफिसला फोन गेला, हजेरीपट निघाले, शोध सुरू झाला. दुपारपर्यंत तीन गयाबाई हजर झाल्या. एक झाडूवाली, एक कँटीनमध्ये भाकऱ्या करणारी आणि एक रजेवर असलेल्या शिपायाची सासू, जी निव्वळ ऐकून आली होती. या शोधात एका संचालकांच्या चुलतीही सापडल्या. त्या बागेला पाणी घालायच्या कामावर होत्या आणि बाग दोन वर्षांपूर्वीच वाळलेली होती. पण त्यांचं नाव पार्वतीबाई निघालं, त्यामुळे चौकशी त्यांच्यापाशी रेंगाळली नाही.

मला मात्र कागद पाहिल्यापासून चैन नव्हतं. गयाबाईंच्या नावावर जो वजनकाट्याचा प्रोग्राम होता, तो सोपानरावांनी माझ्या डोळ्यांदेखत लिहिला होता. उसाच्या नोंदीचा, गोदामाचा, तेही त्यांचेच. त्यांची पहिली ओळ मी कधी वाचली नव्हती, एवढंच. पहिली ओळ वाचतो कोण? आणि किसन हे सोपानरावांच्या वडिलांचं नाव. मी त्यांना कँटीनच्या मागं, लिंबाखाली गाठलं.

"सोपानराव, गयाबाई म्हणजे..."

"माझी आई," ते म्हणाले.

त्यांचं गाव धारूरच्या पलीकडे डोंगरात आहे आणि आई-वडील दरवर्षी ऊस तोडायला जायचे, हे मला माहीत होतं. आमच्या भागात ते सांगण्यासारखंही काही नाही. दसरा झाला की निम्मी गावं कुलूप लावून निघतातच. पण त्या दिवशी ते जे बोलले, ते आठ वर्षांत कधी बोलले नव्हते.

"मुकादमाच्या वहीत माणसं नसत्यात, अनंतराव. कोयते आसत्यात. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा तोडणार, बायको मोळी बांधणार, डोक्यावर घेऊन गाडीत भरणार. दोघं मिळून एक. आन् वहीत नाव एकच. किसन खाडे, एक कोयता. मी शाळंत जाय लागलो, अक्षर कळाय लागलं, तवा मी ती वही बघितली. आईचं नाव हुडकलं. सगळ्या पानात हुडकलं. न्हाई."

"मग?"

"मुकादमाला विचारलं, आई कुठंय. तो हसला. म्हणला, तुझ्या बापात हाय. मंग एका दिवशी आईला ताप आला, ती पाचटाच्या कोपीत पडून ऱ्हायली. त्या दिवशी वहीत लिवलं, किसन खाडे, अर्धा कोयता." त्यांनी लिंबाच्या खोडाला पाठ टेकली. "म्हंजी आई वहीत दिसली ती नव्हती तवा. होती तवा दिसलीच न्हाई."

कोयता हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलोय, उसाच्या नोंदीच्या प्रोग्रामात तर माझ्या हातानं लिहिलाय. 'कोयते संख्या' असा रकानाच आहे आमच्याकडे. त्या रकान्यात निम्मी माणसं नाहीत, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं, याची मला लाज वाटली.

"हितं नोकरीला लागलो," सोपानराव म्हणाले, "पहिला प्रोग्राम लिवला, वर लेखक म्हणून नाव टाकायचं होतं. मी आईचं टाकलं. मंग सगळ्यातच टाकलं. कुणाचं काय जातंय?"

कुणाचं काही जात नव्हतं, साहेब पुण्याला जाऊन येईपर्यंत.

संध्याकाळी साहेबांनी आम्हाला परत बोलावलं. मी सगळं सांगून टाकलं. साहेब वाईट नव्हते. ऐकताना त्यांनी चष्मा काढून ठेवला. पण ते नियमाचे माणूस. "खाडे, मी समजू शकतो. पण कारखान्याच्या दप्तरात जो माणूस नोकरीला नाही त्याचं नाव कामावर लागलंय, हे मी चालू देऊ शकत नाही. उद्या ऑडिटवाले मलाच धरतील. उद्या पाचपर्यंत दोनपैकी एक करा. ही बाई हजर करा, नाहीतर नावं दुरुस्त करून ओळी तुमच्या नावावर घ्या. नाहीतर मला तुम्हाला बोगस नोंदीबद्दल निलंबित करावं लागेल."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "पाच मिनिटांचं काम आहे, सोपानराव. आत्ता करून टाका."

"न्हाई करणार."

"अहो, नोकरी जाईल."

"जाईल." त्यांचा आवाज काही चढला नाही. "मुकादमानं तिचं नाव लिवलंच न्हवतं. मी लिवून खोडू व्हय? आपल्या हातानं?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाच्या हट्टाला काही सुमार नाही, असं मी बबनला सांगितलं, बायकोला सांगितलं, जेवताना भाकरीला सांगितलं. सकाळी उठलो तेव्हा डोक्यात एकच वाक्य होतं, 'ही बाई हजर करा.' साहेब ते बोलायचं म्हणून बोलले होते. मी ते शब्दशः घ्यायचं ठरवलं आणि मोटारसायकल काढली. कुणी याला मोठेपणा म्हणू नये. सोपानरावांना त्यांच्या ओळी परत मिळाल्या तर यादीत शेवटचा कोण राहील, हा हिशोब मी अजून केला नव्हता. केला असता तर मोटारसायकलला किक बसली असती का, याबद्दल मला आजही शंका आहे.

घाट चढून गावात पोचलो तेव्हा गयाबाई दारात शेळीसमोर बसून तिला लिंबाचा पाला चारत होत्या. बारीक अंगाच्या, काळ्यासावळ्या, हाताची बोटं गाठी आलेली. मी नाव सांगितलं तशी उठून उभ्या राहिल्या. "सोपाना बरा हाय ना?"

"बरा आहे. साहेबांनी तुम्हाला बोलावलंय."

"मला? मी काय केलं?"

"तुमचं नाव लागलंय कारखान्यात."

"कशात?"

आता हे कसं सांगायचं. "कामात," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू हा माणूस उन्हानं भ्रमिष्ट झालाय. पण मुलाच्या कारखान्यातला माणूस म्हणून शेळी शेजारणीच्या दारात बांधली, धडकं लुगडं नेसल्या, फडक्यात दोन भाकऱ्या आणि ठेचा बांधून घेतला आणि माझ्यामागे एका अंगानं बसल्या. सगळा घाट त्यांनी माझी कॉलर धरून काढला. कारखाना येईपर्यंत माझ्या गळ्यावर वळ उठला होता.

दोनच्या सुमारास आम्ही विभागात शिरलो. सोपानराव टेबल आवरत होते. आईला दारात बघून त्यांच्या हातातल्या फायली खाली पडल्या. "तू हितं कावून आलीस?"

"ह्या बाबानं आणलं," गयाबाई माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "लई गार हाय की रं हितं. तुला सर्दी व्हत न्हाई का?"

बबन पळत जाऊन साहेबांना घेऊन आला. साहेब दारात थबकले. संगणकासमोरच्या फिरत्या खुर्चीत एक म्हातारी, मांडीवर भाकरीचं फडकं, खुर्ची फिरते म्हणून टेबल गच्च धरून बसलेली. मी पुढं झालो. "साहेब, गयाबाई किसन खाडे. हजर आहेत."

साहेबांनी आयुष्यात बरीच चौकशी-प्रकरणं हाताळली असतील, पण ज्या माणसाला हजर करा म्हटलं तो हजर होईल याची सवय त्यांना नव्हती. "नमस्कार," ते म्हणाले. मग शर्टाची बाही सारखी करत, "आपण इथं काम केलंय?"

"म्या ऊस तोडलाय साहेब," गयाबाई म्हणाल्या. "लई वरसं. कारखान्याची नावं न्हाई सांगता यायची. त्यात ह्यो बी आसंल एखाद वक्ताला."

साहेबांनी टेबल धरलेल्या त्यांच्या गाठाळ बोटांकडे पाहिलं. मग सोपानरावांना म्हणाले, "खाडे, ह्यांचं नाव राहू द्या. पण त्याबरोबर नोकरीवर असलेलं एक नाव मला लागेल. पाचला तक्ता द्या." आणि दार हळू ओढून घेत निघून गेले. एवढी सवलत मिळाली, तरी सोपानराव कीबोर्डाला हात लावेनात. दोन नावं म्हणजे आईची निम्मी ओळ गेली, असं त्यांच्या डोक्यात बसलेलं दिसत होतं. मी बबनकडे पाहिलं, बबननं खांदे उडवले.

"काय म्हणला साहेब?" गयाबाईंनी विचारलं.

सोपानरावांनी एक फाईल उघडली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची पहिली ओळ आली. त्यांनी आईचं बोट धरून त्या ओळीवर नेलं. "ही तू."

गयाबाईंना वाचता येत नव्हतं. तरी त्या पुढं वाकून बघत राहिल्या. "ही मी?"

"हां. गयाबाई किसन. सगळ्या फायलीत हाय."

"आन् तू कुठंय?"

"मी न्हाई त्यात."

"कावून?"

सोपानराव खाली बघत म्हणाले, "वहीत तुझं नाव कधी न्हवतं, आई. म्हणून हितं तुझंच ठिवलं."

गयाबाईंनी बोट पडद्यावरून काढलं. "वहीत नसंना का. मी व्हते की तितं. तू पाठीला बांधलेला व्हतास, तुला ठावं हाय." मग पदरानं पडद्यावरचा बोटाचा डाग पुसला. "आन् ह्या डब्यात मी एकटी काय करू? वळखीचं कुणी न्हाई, काई न्हाई. तुझं लिव्ह माझ्याशेजारी."

सोपानरावांनी खुर्ची पुढे ओढली.

पाचला तक्ता गेला आणि शेवटचं नाव माझं निघालं. चार महिने मी छावणीवर जनावरं मोजली. चाळीसदा मिळवलेल्या शून्यांचा तिथं काही उपयोग झाला नाही. पण ती दुपार मी त्याहून जास्त वेळा आठवली आहे.

फायली त्रेसष्ट होत्या, तेवढं सोपानरावांनी आईला सुरुवातीलाच सांगितलं होतं. सगळ्यांत एका झटक्यात नाव घालणारा प्रोग्राम सोपानरावांनी चहा पितापिता लिहिला असता. तो त्यांनी लिहिला नाही. ते एकेक फाईल उघडायचे, आईच्या नावाशेजारी आपलं नाव दोन बोटांनी टाइप करायचे, बंद करायचे. गयाबाई शेजारी बसून विचारायच्या, "लागलं?" ते म्हणायचे, "लागलं." "मंग दुसरी काढ." बबन मध्ये दोनदा चहा घेऊन आला आणि ठेवून गेला. फडक्यातल्या भाकरीचा तुकडा मोडून गयाबाईंनी मलाही दिला.

साडेचारच्या पुढे, एकसष्टावी फाईल बंद करून सोपानरावांचा हात थांबला. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि परत काढला. गयाबाई पडद्याकडेच बघत होत्या.

"थांबलास कावून?" त्या म्हणाल्या. "दोन ऱ्हायल्यात आजून."

मोळ्या मोजाव्यात तशा त्या मघापासून बोटांच्या पेरांवर फायली मोजत होत्या, हे मला तेव्हा दिसलं. सोपानरावांनी चष्मा चढवला आणि बासष्टावी उघडली.